शेवंतीआजीचा शेवटचा सीन

१

दसऱ्याच्या सकाळी डोंबिवलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून जी किंकाळी उठली, ती ऐकून समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई हातातलं झेंडूचं तोरण तसंच घेऊन जिन्यात आल्या. मधुसूदन गुप्ते मात्र खुर्चीतून हलले नाहीत. महिनाभर या घरात किंकाळ्या, रुसवेफुगवे आणि अवेळी चहा यांचा रतीबच लागला होता. तरुण माणसं फिल्म करतात म्हणजे म्हाताऱ्यांची झोप मोडतात, एवढा अर्थबोध त्यांना केव्हाच झाला होता.

किंकाळी क्षिप्राची होती. क्षिप्रा ही सुमतीबाईंची, म्हणजे मधुकाकांच्या बायकोची भाची. तिचं घर कल्याणला, पण तिथे वडिलांच्या कपाळावर कायम आठ्या. म्हणून फिल्मचं सगळं चंबूगबाळं तिनं आत्याच्या आतल्या खोलीत आणून टाकलं होतं. एका स्पर्धेसाठी वीस मिनिटांची फिल्म करायची होती. निवडल्या जाणाऱ्या दिग्दर्शकांना एका नावाजलेल्या निर्मात्याकडे वर्षभर काम मिळणार होतं. ते नाही मिळालं तर सोमवारपासून पुण्याच्या कंपनीत मुकाट्यानं नोकरीला लागायचं, असं तिनं वडिलांना कबूल केलं होतं. ‘दसऱ्यापर्यंत काय ती हौस भागवून घे,’ असं वडील म्हणाले होते. आता दसरा उजाडला होता, आणि फिल्म पाठवायची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती.

क्षिप्रा बाहेरच्या खोलीत आली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“काका, शेवटचा सीन गेला.”

“गेला म्हणजे कुठे गेला?”

“डिस्कवर नाहीये. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त शेवंतीआजीच्या शेवटच्या सीनचा फोल्डर नाही.”

तिच्यामागून स्वानंद आला. हा फिल्मचा संकलक, क्षिप्राचा कॉलेजातला मित्र. तो भिंतीला टेकून उभा राहिला, कारण टेकल्याशिवाय उभं राहायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

“दुसरी कॉपी?” मधुकाकांनी विचारलं.

“नाही. सूरजच्या डिस्कवर बाकीच्या सगळ्याची आहे. शेवटचा दिवस तेवढा राहिला. उद्या करू, उद्या करू म्हणून राहिला. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याने गणपतीच्या ऑर्डरसाठी पुसून वापरलं.” क्षिप्रानं खाली बसून डोकं गुडघ्यांत घातलं. “आणि आता तो सीन परत घेताही येणार नाही.”

हे मात्र सगळ्यांनाच ठाऊक होतं. फिल्ममध्ये आजीचं काम केलेल्या शेवंतीआजी आठवड्यापूर्वीच गेल्या होत्या.

मधुकाकांनी चष्मा पुसला. विमा कंपनीत त्यांनी सारी हयात दावे तपासण्यात घालवली होती. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेले ट्रक, आणि त्यामागची खोटं बोलणारी माणसं. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी सुमतीबाईंना सांगितलं होतं की आता कोणी खोटं बोललं तरी मी खुशाल खरं मानणार. माणसांना पकडून पकडून ते अगदी विटले होते.

“आपोआप एकच फोल्डर जात नाही,” स्वानंद पुटपुटला. “हे कोणीतरी केलंय.”

आणि क्षिप्रानं मान वर करून थेट त्याच्याकडेच पाहिलं.

२

“तूच बोललेलास ना?” ती म्हणाली. “तुझ्या हातात असतं तर हा सीन उडवला असतास, असं बोललेलास की नाही?”

“बोललेलो! दहा वेळा बोललेलो. मेलेली म्हातारी जमिनीवर ठेवायची, नात बाजूला बसवायची आणि लोकांना रडवायचं, हे मला पटत नव्हतं. पण मी तो उडवला असता तर तुझ्या तोंडावर सांगून उडवला असता.”

“मग काल कोणी उडवला?”

“काल कोणी काम केलंय का इथे? काल तुझ्या आत्यानं हात लावू दिलाय का कशाला?”

यावर सुमतीबाई स्वयंपाकघरातून श्रीखंडाचा चमचा हातात घेऊनच बाहेर आल्या. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पुसून, पूजा करून एक दिवस विसाव्याला ठेवायची, हा त्यांच्या माहेरचा आणि सासरचा नेम. विळी, सुरी, मधुकाकांचा जुना टेस्टर, यांच्या जोडीला त्यांनी यंदा चौरंगावर लॅपटॉप, डिस्क, माईक आणि कॅमेऱ्याचा स्टँडही मांडला होता. मुदत उद्यावर आलेली असताना आख्खा दिवस काम बंद! स्वानंदनं हात जोडले, क्षिप्रानं पाय आपटले, पण सुमतीबाई बधल्या नाहीत. ‘महिनाभर राबली बिचारी, एक दिवस टेकू देत,’ असं त्या म्हणाल्या. त्या लॅपटॉपबद्दल बोलत होत्या की मुलांबद्दल, हे मधुकाकांना शेवटपर्यंत उमगलं नाही. मुलं मात्र कुरकुरत घरी गेली आणि दिवसभर मेल्यासारखी झोपली.

“त्या मुलावर उगाच आळ घेऊ नकोस,” सुमतीबाई म्हणाल्या. “लॅपटॉप काल कोणी उघडलाच नाही. मी झाकणावर अक्षता वाहिल्या होत्या. आज सकाळी उत्तरपूजा केली तेव्हा त्या जशाच्या तशा होत्या. झाकण उघडलं असतं तर सांडल्या नसत्या का?”

“परवा निघताना सीन होता?” मधुकाकांनी विचारलं.

“होता,” क्षिप्रा म्हणाली. “परवा मी आणि स्वानंदनं पूर्ण फिल्म शेवटपर्यंत पाहिली. मग लॅपटॉप बंद करून मीच आत्याकडे दिला.”

“आणि आज सकाळी झाकण उघडलं तेव्हा?”

“आम्ही दोघं एकत्रच होतो. उघडलं, डिस्क लावली, सीन नाही.”

मधुकाकांनी एक लांब सुस्कारा सोडला. परवा होता, आज नाही, आणि मधल्या दिवसात ज्या यंत्रावरून तो पुसता आला असता ते यंत्र अक्षतांखाली झोपलेलं होतं.

“काल घरात कोण कोण आलं होतं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“ऐश्वर्या आली होती संध्याकाळी. कुंकवाला मीच बोलावलं होतं तिला.”

क्षिप्रा ताडकन उभी राहिली. “ऐश्वर्या आलेली? मग मला कोणी सांगितलं का नाही?”

३

ऐश्वर्या ही फिल्ममधली नात. राहायला कळव्याला. शहरातून गावाकडची जमीन विकायला आलेली नात आणि ती विकू न देणारी आजी, अशी ती गोष्ट होती. शेवटच्या सीनमध्ये आजीच्या शवाशेजारी बसून ऐश्वर्यानं जो हंबरडा फोडला होता, तो क्षिप्रानं सपशेल कापून टाकला होता आणि फक्त आजीचा चेहरा ठेवला होता. तेव्हापासून दोघींमध्ये जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं.

फोन गेल्यावर ती आली. दसऱ्याची नवी साडी, केसांत शेवंतीची वेणी, आणि चेहऱ्यावर इतक्या दिवसांचा साठवलेला राग.

“मी कशाला उडवीन?” ती म्हणाली. “माझं रडणं तू आधीच उडवलंयस. उरलंय काय त्या सीनमध्ये माझं?”

“म्हणूनच विचारतेय.”

“क्षिप्रा, गप्प बस जरा,” मधुकाका म्हणाले. “ऐश्वर्या, तू काल लॅपटॉपला हात लावलास का?”

“नाही, काका. देवाशप्पथ नाही.”

“किती वेळ होतीस?”

“थोडाच. काकूंनी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, सरबत दिलं. मग त्या ग्लास ठेवायला आत गेल्या आणि मी निघाले.”

तिनं नजर चुकवली नाही. मधुकाकांनी आयुष्यभर नजरा पाहिल्या होत्या. ही मुलगी रागावलेली होती, पण खोटं बोलत नव्हती. त्यांना उगाचच थकल्यासारखं झालं. खोटं बोलणारा माणूस समोर असला की निदान धागा तरी हाती लागतो.

राहिला सूरज. सूरज भोईर हा फिल्मचा छायाचित्रकार. शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला त्याचं गाव. लग्नं, बारशी, मंडळांचे गणपती यांचं चित्रण करून पोट भरणारा, आणि या चौघांत कामाला सगळ्यात वाघ. शेवंतीआजी ही त्याचीच आजी. क्षिप्राला हवी तशी म्हातारी मिळेना, तेव्हा यानंच आजीला गळ घातली होती. सगळं चित्रण त्याच्याच घरात आणि बांधावर झालं होतं. आजी गेल्यापासून तो सुतकात होता आणि या घरात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

क्षिप्रानं त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“सूरज, शेवटचा सीन गेलाय. तुझ्या डिस्कवर असेल का रे? चुकून तरी?”

 पलीकडे मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

“माझ्याकडे तो कधी आलाच नव्हता,” सूरज म्हणाला. आवाज बसलेला होता. “आता त्याच्याशिवायच पाठव ना. आजी बांधावरून चालत जाते, तिथे संपव. होते फिल्म.”

“कशी होते? त्या सीनसाठीच तर सगळी फिल्म केली आपण!”

“माहितीय मला,” तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

क्षिप्रा रडायला लागली. ती आवाज न करता रडत होती, आणि ते पाहून ऐश्वर्याचाही राग वितळला. ती तिच्या शेजारी जाऊन बसली. मधुकाकांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्याला हिची फिल्म कळत नाही, पण हिचं हे महिनाभर मरमर काम करणं कळतं, असं त्यांच्या मनात आलं. मग ते उठले आणि गुडघे चोळत आतल्या खोलीत गेले.

टेबलावर ती डिस्क पडली होती. हाताच्या पंजाएवढी, काळी, बाजूंना बारीक खाचा असलेली. मधुकाकांनी ती उचलली, खिडकीशी नेली, उलटीसुलटी करून पाहिली. मग त्यांनी तिथूनच हाक मारली.

“सुमती, जरा इकडे ये. काल तू या डिस्कची पूजा केलीस ना? नक्की?”

४

“म्हणजे काय?” सुमतीबाई दुखावल्या. “सगळ्यांना हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. एकही वस्तू सोडली नाही.”

“मग माईक आण बरं.”

माईकच्या लोकरी टोपडीत कुंकू बसलं होतं. त्यावरून स्वानंद सकाळीच कुरकुरला होता. स्टँडच्या बिजागरीत हळद होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचा टिळा. टेस्टरच्या लाल मुठीवरसुद्धा पिवळा ठिपका होता.

“आता ही बघा.”

चौघांनी वाकून पाहिलं. डिस्कवर काही नव्हतं. खाचांमध्ये नेहमीची धूळ होती, पण हळदीचा कण नाही की कुंकवाचा डाग नाही.

“कोणी पुसली का?”

“पूजेचं कुंकू कोण पुसेल?” सुमतीबाई म्हणाल्या. “आणि सकाळी तिच्यावर फूल होतं. मी स्वतः उचललं.”

“फूल उचलून दुसरीवर ठेवता येतं. कुंकू नाही ठेवता येत. आणि पुसली असती तर खाचांतली धूळ तरी कशी राहिली असती?” मधुकाकांनी डिस्क टेबलावर ठेवली. “पोरांनो, तुम्ही सकाळपासून सीन कोणी पुसला ते शोधताय. सीन कोणी पुसलेलाच नाही. ही डिस्क कालच्या पूजेला नव्हतीच. ही वेगळीच डिस्क आहे.”

स्वानंदनं झडप घालून ती उचलली आणि तळाशी पाहिलं. “पण अशी दुसरी एकच आहे, काका. आम्ही दोन एकदम घेतलेल्या. दुसरी सूरजकडे असते.”

“आणि तिच्यावर शेवटच्या दिवसाखेरीज बाकी सगळं आहे. हो ना? म्हणून तर तुम्हाला बाकीचं जिथल्या तिथे सापडलं.”

“पण सूरज आलाच नाही इथे!” क्षिप्रा म्हणाली. “सुतकात तो पूजेच्या चौरंगाला हात तरी लावेल का?”

“नाही लावणार,” मधुकाका म्हणाले. “हात दुसऱ्या कोणाचा तरी आहे.”

आणि ते हळूच ऐश्वर्याकडे वळले.

५

“तू काल डिस्क बदललीस का गं?”

“हो,” ऐश्वर्या म्हणाली.

 स्वानंदचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“मी येत होते तर खाली गेटपाशी सूरज भेटला, स्कूटरवर. सुतक आहे म्हणून वर येत नव्हता. बोलला, ही माझी डिस्क वर ठेव आणि तिकडची मला आणून दे, बॅकअप राहिलाय तो करतो. काकू आत गेल्या तेव्हा मी बदलली. फूल पण नीट परत ठेवलं. का, काय झालं?”

“काय झालं?” क्षिप्रा किंचाळली. “सकाळपासून मी इथे डोकं आपटतेय आणि तू हे आत्ता सांगतेस?”

“तुम्ही सगळे सीन कोणी उडवला, लॅपटॉपला कोणी हात लावला, हेच विचारत होतात! दोन्ही डिस्क सारख्याच, असं वाटलं मला. डिस्कचं मला विचारलं कोणी?”

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मधुकाकांना स्वतःचाच राग आला. माणूस विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो, हे नोकरीतल्या पोरांना त्यांनी किती वेळा बजावलं होतं! आणि आज स्वतःच लॅपटॉपच्या मागे लागले.

“म्हणजे सूरज,” स्वानंद म्हणाला. त्याला ते बोलणं जड जात होतं. “पण का? कॅमेरा त्याचा, फ्रेम त्याची. फिल्म बुडाली तर त्याचंही बुडतं.”

“फिल्म बुडवायची नव्हती त्याला. बुडवायची असती तर बाकीचं सगळं भरलेली डिस्क आठवणीनं वर का पाठवली असती? तुमची फिल्म जावी, फक्त त्या सीनशिवाय जावी, एवढीच त्याची इच्छा. मघाशी फोनवर त्यानं सांगितलंही तसं.” मधुकाका खुर्चीत बसले. “आणि दुसरी गोष्ट. बॅकअपच्या नावाखाली डिस्क घरी मागवायची, सीन पुसायचा आणि डिस्क परत पाठवायची, हे सगळ्यात सोपं होतं. डिस्कच बिघडली असं तुम्ही समजला असता. त्यानं परत पाठवली नाही. म्हणजे तो सीन जगाला दिसू नये असं त्याला वाटतं, पण पुसायला त्याचा हात धजत नाही.”

बोलता बोलता त्यांना पुढचं सगळं दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

 क्षिप्रालाही ते दिसलं असावं.

“चल,” ते म्हणाले. “शहाडला जाऊ. माझ्या चपला कुठे आहेत?”

६

रिक्षा झेंडूच्या माळांनी मढलेली होती आणि रिक्षावाला खुशीत होता. कल्याणच्या पुलावर गाड्यांची रांग लागली तेव्हा तो मागे वळून म्हणाला, “सोनं घ्या, सोन्यासारखे रहा!” आणि आपट्याचं पान पुढे केलं. क्षिप्रानं ते घेतलं आणि मुठीत धरून ठेवलं. वाटेत ती एवढंच बोलली.

“काका, मी त्याला त्या सीनबद्दल एकदाही विचारलं नाही. आजी गेली त्या दिवशी गेले, भेटले, आणि निघताना त्याला बोलले, बरं झालं आपलं शूटिंग संपलेलं.”

मधुकाकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. अशा वेळी पाहू नये, एवढं त्यांना कळत होतं.

सूरज ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, अंगात धुवट बनियन. दारातून आत मंद उजेड दिसत होता, आजी जिथे गेली तिथे ठेवलेल्या दिव्याचा. दोघांना पाहून तो उठला आणि अंगणात आला.

“डिकी उघड गाडीची,” मधुकाका म्हणाले.

तो दचकला. “तुम्हाला कसं कळलं?”

“कुंकू लावलेली वस्तू आहे. सुतकाच्या घरात तू ती नेली नसणार, आणि जमिनीवर ठेवली नसणार. तुझ्या घरात यंदा पूजा नव्हती, म्हणून तुझ्या डिस्कवर हळदकुंकू नव्हतं. त्यावरूनच इथवर आलो.”

सूरजनं डिकी उघडली. आत धुतलेला पांढरा रुमाल होता आणि रुमालात ती डिस्क. हळदीचं बोट, त्यावर कुंकू, जसंच्या तसं.

“ऐश्वर्यानं खाली आणून दिली तेव्हा बघितलं मी कुंकू,” तो म्हणाला. “सीन पुसून तीच परत पाठवली असती तर तुम्हाला कधी कळलं नसतं. पण नाय पुसवलं.”

“का केलंस रे असं?” क्षिप्रानं विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

सूरज मधुकाकांकडे बघूनच बोलला. “माझी आत्या बोलली, म्हातारीला मेल्याचं सोंग घ्यायला लावलंस, म्हणून यमाला घर सापडलं. तसं मी मानत नाय, काका. पण दिवसभर कानात तेच वाजतं. शूटिंगला आजीच्या नाकात कापूस मी घातलेला. माझ्या हातानं. गुदगुल्या होतात बोलली, हसायलाच लागली. तीन वेळा टेक घ्यावा लागला. आणि आठवड्यापूर्वी परत मलाच सांगितलं सगळ्यांनी, तू घाल. तेव्हा नाय हसली.”

अंगणात एक कोंबडी फिरत होती. कोणी तिला हाकललं नाही.

“मला सांगायचं होतंस,” क्षिप्रा म्हणाली.

“काय सांगायचं? तुझं सगळं त्या सीनवर होतं. मी सांगितलं असतं तर तू काढला असतास, आणि आयुष्यभर तुला वाटलं असतं, सूरजमुळे राहिलं. असा गेला असता तर डिस्कच्या नावावर गेला असता. तुझी चूक नाय, माझी पण नाय.” त्यानं रुमालासकट डिस्क पुढे केली. “घेऊन जा. अजून वेळ आहे. चुकलो मी.”

क्षिप्रानं डिस्क घेतली, आणि खिशातून फोन काढून स्वानंदला लावला.

“लॅपटॉप घे आणि शहाडला ये. सूरजच्या घरी. ऐश्वर्यालाही आण. आणि तिकडे असलेली त्याची डिस्कही घे.”

“तिकडे? अगं, वेळ किती राहिलाय?”

“सूरजला आत्याच्या घरात येता येत नाही ना. मग आपणच इथे बसू. पळ!”

७

चौघं ओट्यावर लॅपटॉपभोवती बसली, आणि मधुकाका पलीकडे एका पत्र्याच्या खुर्चीत. सूरजच्या आईनं काळा चहा दिला. दुपार कलली होती.

क्षिप्रानं आवाज बंद करून शेवटचा सीन लावला. आजी जमिनीवर निजलेली, मिटलेले डोळे, खिडकीतून येणारा उजेड गालावर. सूरज दुसरीकडे बघत होता. मग त्यानं मान वळवली आणि शेवटपर्यंत पाहिला. सीन फार चांगला होता. मधुकाकांना फिल्ममधलं काही कळत नव्हतं, तरी त्यांचेही डोळे भरून आले.

“ठेव गं,” स्वानंद म्हणाला. “मी चुकीचं बोलत होतो. याच्याशिवाय फिल्म उभी नाही राहणार.”

“ठेव,” सूरजही म्हणाला. “खरंच. आता बघितला मी. ठेव.”

“मला माहितीय चांगला आहे,” क्षिप्रा म्हणाली. तिनं डोळे पुसले, आणि सीन उचलून फिल्ममधून बाहेर काढला. मग फोल्डर सूरजच्या डिस्कवर हलवला आणि ती त्याच्या मांडीवर ठेवली. “हा तुमच्या घरातला आहे. कधी बघायचा, कोणाला दाखवायचा, तू ठरव.”

“आणि स्पर्धा?”

“पाठवू की. आजी बांधावरून चालत जाते, तिथे संपते.”

“अर्धवट वाटेल.”

“वाटेल.”

“नंबर नाही लागायचा, क्षिप्रा.”

“माहितीय.” ती अगदी साधेपणानं म्हणाली. तिला सोमवार दिसत होता, पुण्याची ती काचेची इमारत दिसत होती, आणि वडिलांच्या चेहऱ्यावरचं समाधानही. मधुकाकांना वाटलं, काहीतरी बोलावं, पोरीला अडवावं. पण एवढ्या वर्षांत एखाद्या माणसानं डोळे उघडे ठेवून तोटा पत्करलेला त्यांनी क्वचितच पाहिला होता. 

ऐश्वर्यानं सूरजच्या फोनवरचं इंटरनेट लॅपटॉपला जोडून दिलं. स्वानंद शेवटची नावं टाकत होता. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन. मग कलाकार. एका ओळीवर येऊन त्याची बोटं थांबली. त्यानं क्षिप्राकडे पाहिलं, तिनं सूरजकडे.

“आजीच्या नावाआधी कै. लावायचं ना रे?” स्वानंदनं चाचरत विचारलं.

सूरजनं पडद्याकडे पाहिलं. बांधावरून आजी पाठमोरी चालत निघाली होती, डोक्यावर भारा, चाल झपाझप. तो म्हणाला, “या पिक्चरमध्ये आता ती मरते का?”

“नाही,” क्षिप्रा म्हणाली.

“मग नको लावू.”

स्वानंदनं नुसतंच ‘शेवंती पदाजी भोईर’ असं लिहिलं, आणि क्षिप्रानं फिल्म पाठवून दिली.